कर्कपेशीची वाट अडवणारं मेदद्रव्य

मुरुडकरांना मांजरा नदीवरचे बंधारे ओळखीचे: एका अंगाला पाणी तुंबलेलं, दुसऱ्या अंगाला जेमतेम, दार उचललं की लोंढा. पेशीबाहेरही कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट असतं. थोडं आत शिरलं, तरी पेशीला हुकूम मिळतो. स्तनाच्या काही कर्कपेशींत ‘एसके३’ हा मार्ग पोटॅशियम बाहेर सोडतो. आतला भार अधिक ऋण होतो आणि शेजारच्या ‘ओराय१’मधून कॅल्शियम ओढलं जातं. पेशी सरकू लागते, हाडापर्यंतही पोहोचते. फ्रान्समधल्या तूर शहरातल्या संशोधकांनी अभ्यासलेलं ‘ओमलाइन’ हे मेदद्रव्य पेशीच्या पटलात शिरून ही जोडी फोडतं. २०१३च्या अभ्यासात उंदरांच्या हाडांत पसरणारा कर्करोग त्यानं रोखला. पेशी न मारता तिची वाट अडवणं मला फार मोलाचं वाटतं. स्तनाच्या कर्करोगात जीव जातो तो बहुधा या पसरण्यामुळेच. रुग्णांसाठीचं औषध मात्र ते अजून झालेलं नाही.