हिरा घेताना पावती पाहा

दातिवऱ्याहून पालघर-बोईसरला लग्नाचे दागिने घ्यायला जाणाऱ्या भगिनींनो, घामाचा पैसा नुसत्या चकाकीवर उधळू नका. सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो, हिऱ्याचा कॅरेट वजन. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. दहा बारीक हिरे मिळून एक कॅरेट भरले, तरी तेवढ्याच वजनाच्या, त्याच प्रतीच्या अखंड हिऱ्याहून ते पुष्कळ स्वस्त असतात. रंग, स्वच्छता व पैलूंवरही भाव ठरतो.

हॉलमार्क सोन्याची ग्वाही देतो, हिऱ्याची नाही. प्रयोगशाळेत घडवलेला हिराही खराच, पण खाणीतल्यापेक्षा बराच स्वस्त. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. म्हणून हिऱ्याचा प्रकार, वजन, दर आणि सोन्याचे निव्वळ वजन पावतीवर वेगवेगळे लिहून घ्या. खड्याचे वजन सोन्याच्या भावात मोजू देऊ नका. अडीअडचणीला दागिना मोडताना हीच पावती उपयोगी पडेल.