पाचट पेटवण्याआधी

ऊसतोड सुरू झाली की आपल्या भागात संध्याकाळी कुठं ना कुठं धूर दिसतोच. फड मोकळा होतो, टोळी पुढच्या शेतावर जाते आणि घरातलं कुणीतरी काडेपेटी घेऊन बांधावर जातं. थोड्याच वेळात सगळं रान काळं. आमच्याकडंही वर्षानुवर्षं असंच चालायचं. दोन हंगामांमागं मी धाकट्या दिरांना म्हटलं, "भाऊजी, या खेपेला थांबा की." ते म्हणाले, "वहिनी, कचराच आहे तो. ठेवून काय करायचा?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. ते उत्तर आज तुमच्यापुढं मांडते.

कोणत्याही रानात, मग ते जंगल असो की आपलं शेत, दोन गोष्टींची देवाणघेवाण चालते. एक ऊर्जा आणि दुसरी अन्नद्रव्यं. या दोघींची चाल अगदी वेगळी आहे.

ऊर्जा येते सूर्याकडून. पानावर पडलेल्या उन्हातला शंभरातला जेमतेम एखाद-दुसरा हिस्सा वनस्पती पकडते आणि त्यातून साखर तयार करते. ते पान नाकतोडा खातो, नाकतोड्याला बेडूक, बेडकाला साप, सापाला मुंगूस. प्रत्येक पायरीवर ढोबळमानानं दहातला एकच हिस्सा पुढं जातो. बाकीचा हिंडण्या-फिरण्यात, श्वासात, अंगाच्या उष्णतेत खर्ची पडतो किंवा न खाल्लेला तसाच राहतो. म्हणून तर रानात नाकतोडे ढिगानं असतात, साप मोजके दिसतात आणि मुंगूस एखादंच. उष्णता होऊन गेलेली ऊर्जा पुन्हा पिकाच्या कामी येत नाही. पण काळजी नाही, सूर्य रोज नवी पाठवतो.

अन्नद्रव्यांचं तसं नाही. नत्र, स्फुरद, पालाश हे काही उन्हाबरोबर रोज वरून पडत नाहीत. मातीतून ते पिकात जातात, पिकातून जनावरात आणि माणसात. पान गळलं, शेण पडलं, जीव मेला, की गांडूळ, वाळवी, बुरशी आणि जिवाणू ते कुजवून पुन्हा मातीत आणतात. तेच अन्न पुन्हा पुढच्या पिकाला. हे चक्र चालू राहिलं तर रान जिवंत राहतं.

घरातलंच उदाहरण घ्या. भाकरी खाल्ली की संपली, उद्या नवी थापायची. ती झाली ऊर्जा. ताट मात्र आपण घासून पुन्हा वाढायला घेतो. ती झाली अन्नद्रव्यं. पाचट पेटवणं म्हणजे जेवण झाल्यावर उष्ट्याबरोबर ताटही उकिरड्यावर फेकणं.

पाचट पेटलं की त्यातला बहुतेक नत्र आणि कर्ब धुरावाटे हवेत जातो. स्फुरद आणि पालाश राखेत बरेच उरतात, पण ती राख वाऱ्यानं उडते, पाण्याबरोबर वाहते. वरच्या थरातले जिवाणूही भाजून निघतात. म्हणजे चक्र फिरवणारे हातच आपण जाळतो.

आता हिशोब करू. एका एकरात साधारण 3 ते 4 टन पाचट निघतं. त्यात अंदाजे 15 ते 20 किलो नत्र असतो. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात सुमारे 20 किलो नत्र असतो. म्हणजे एकरामागं जवळजवळ एक पोतं आपण काडी लावून उडवतो. पालाश तर पाचटात नत्राहूनही जास्त असतो.

मग करायचं काय? तोडणी झाल्यावर बुडखे जमिनीलगत छाटून घ्या. पाचट सरीत नीट दाबून बसवा. दर टन पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि शेणखतात मिसळलेलं 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका आणि पाणी द्या. काहीजणी विचारतील, खत वाचवायचं तर वरून युरिया कशाला? पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र कमी असतो. ते कुजवताना जिवाणूंना स्वतःसाठी नत्र लागतो. तो आपण दिला नाही तर ते मातीतला ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. दिलेला नत्र बुडत नाही. जिवाणू मेले की तो हळूहळू पिकाला मिळतो. ओल राहिली तर तीन-चार महिन्यांत पाचट बरंचसं कुजतं.

अडचणीही आहेत, त्या लपवत नाही. पहिलं पाणी सरीतून सावकाश पुढं सरकतं. उंदरांवर लक्ष ठेवावं लागतं. सुकं पाचट पसरलेलं असेल तर शेजारच्या रानातल्या ठिणगीची भीती असते, म्हणून बांधालगतचा पट्टा साफ ठेवा. पण झाकलेल्या जमिनीत ओल टिकते आणि तण कमी उगवतं. खुरपं कुणाच्या हातात असतं, हे मी सांगायला नको! आमच्याकडं पहिल्याच वर्षी खुरपणीचे दिवस कमी झाले.

भाऊजींनी तेव्हा अर्धंच रान माझ्या म्हणण्यावर सोडलं होतं. गेल्या पावसाळ्यात त्यांनी स्वतः दोन्हीकडची माती उकरून पाहिली. पाचटाखालची भुसभुशीत होती, गांडुळं वळवळत होती. जाळलेल्या बाजूची ढेकळं झाली होती. यंदा काडेपेटी घरातच राहिली.

तुमच्या घरी सगळं रान एकदम ऐकणार नसेल, तर चार सऱ्या मागून घ्या. पावसाळ्यात तिथली माती उकरून घरच्यांना दाखवा.