आजारपणाची तजवीज सुगीतच करावी

शेतकरी, शेळीपालक, भूम व वाशी भागांतील खव्याच्या भट्ट्या चालविणारे, शिंपी, सुतार, लहान दुकानदार हे सर्व स्वतःच स्वतःचे धनी होत. कारखान्यातील कामगारास कर्मचारी राज्य विमा योजनेतून औषधोपचाराचे जे संरक्षण मिळते, ते यांना लाभत नाही. हप्त्यातील वाटा उचलणारा मालकही यांच्यामागे नाही. म्हणून घरात एखाद्यावर शस्त्रक्रिया करण्याची पाळी आली की प्रथम शेळ्या बाजारात जातात, मग बैलजोडी जाते आणि अखेरीस जमिनीचा तुकडा गहाण पडतो. अवर्षणाने एका हंगामाचे पीक जाते. एका मोठ्या आजारपणाने पुढील अनेक हंगामांचे भांडवल नाहीसे होते.

विम्याचे तत्त्व शेतकऱ्यास नवे नाही. खरीप पिकाचा विमा पेरणीच्या काळात, मुदतीच्या आत उतरवावा लागतो. सोयाबीन पाण्याखाली गेल्यावर तो उतरविता येत नाही. आरोग्यविम्याचेही तसेच आहे. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे कस्तुरबा रुग्णालयाने गेल्या शतकात आसपासच्या खेड्यांसाठी अशीच योजना चालविली. सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने आपल्या जमिनीच्या मानाने ज्वारी द्यावयाची आणि त्या बळावर वर्षभर रुग्णालयाचा आधार घ्यावयाचा, अशी तिची रीत होती. हातात धान्य असताना थोडे बाजूला काढले, तर अडचणीच्या वेळी हात पसरावा लागत नाही, हाच तिचा बोध होय.

प्रथम हक्काची योजना

पैसे खर्चून विमा घेण्यापूर्वी विनाहप्ता मिळणारे संरक्षण पदरात पाडून घ्यावे. राज्यात 2012 साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना 2013 साली सर्वत्र लागू झाली आणि 2017 पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. शेतीच्या दृष्टीने संकटग्रस्त ठरविलेल्या चौदा जिल्ह्यांत धाराशिवचा समावेश असल्याने येथील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही तिचा लाभ पूर्वीपासून देण्यात आला. केंद्राची आयुष्मान भारत योजना 23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झाली. जुलै 2023 च्या शासननिर्णयाने दोन्ही योजनांचा एकत्र विस्तार होऊन कुटुंबास दरवर्षी 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ठरले आणि शिधापत्रिकेच्या रंगाची आडकाठी दूर झाली. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील वृद्धांस, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेतून स्वतंत्र कार्ड मिळते.

या योजनेच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. यादीतील उपचार, योजनेशी संलग्न रुग्णालयात, मंजुरी घेऊन केल्यासच खर्च मिळतो. बाह्यरुग्ण विभागातील नेहमीच्या तपासण्या व गोळ्यांचा खर्च तीत येत नाही. धाराशिवचा रुग्ण पुष्कळदा सोलापूर किंवा लातूर येथे हलविला जातो. अशा वेळी रुग्णालय संलग्न आहे काय, हे गाडी निघण्यापूर्वी 155388 किंवा 1800-233-2200 या निःशुल्क क्रमांकावर विचारावे. रुग्णालयात पोहोचताच आरोग्यमित्रास भेटावे. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरूनही मंजुरी घेण्याची सोय आहे.

विमा विकत घेताना

ज्यांना याहून अधिक संरक्षण हवे असेल, किंवा संलग्न नसलेल्या रुग्णालयात उपचाराची मोकळीक हवी असेल, त्यांनी पुढील गोष्टी पाहाव्यात :

1. 1 एप्रिल 2020 पासून 'आरोग्य संजीवनी' नावाची प्रमाणित पॉलिसी आहे. तिच्या मूळ अटी सर्व कंपन्यांत सारख्या असल्याने केवळ हप्ता व सेवा यांची तुलना पुरते. मंजूर दाव्यातील 5 टक्के रक्कम मात्र स्वतः भरावी लागते.

2. घरातील मंडळी तरुण व निरोगी असल्यास प्रत्येकाची वेगळी पॉलिसी घेण्यापेक्षा सर्व कुटुंबाची एकच पॉलिसी बहुधा स्वस्त पडते. विम्याची रक्कम मात्र सर्वांत मिळून वापरावयाची असते.

3. मधुमेह, रक्तदाब यांसारखा जुना आजार अर्जात लपवू नये. लपविल्यास ऐन वेळी दावा नाकारला जाऊ शकतो. सांगितल्यास जास्तीत जास्त 36 महिन्यांनंतर त्या आजारासही संरक्षण मिळते. अपघात वगळता इतर आजारांस बहुधा पहिले 30 दिवस संरक्षण नसते.

4. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्यविम्यावरील 18 टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला आहे. कोणी हप्त्यावर हा कर मागत असल्यास हिशेब विचारावा.

5. पॉलिसी हाती आल्यावर वाचून, न पटल्यास 30 दिवसांत परत करता येते. नूतनीकरणाची तारीख मात्र चुकवू नये.

एक गल्लत टाळावी

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता 20 रुपये आहे आणि अपघाती मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये मिळतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनाही अपघाताकरिताच आहे. दोन्ही उपयुक्त होत. परंतु रुग्णालयाचे बिल त्यांतून भागत नाही. बँकेत 20 रुपये कापले गेले म्हणजे आजारपणाचा विमा झाला, असे समजू नये.

कार्यकर्त्यांचे काम

योजना असूनही लाभ हुकतो तो बहुधा कागदपत्रांमुळे. सून घरात येऊन वर्षे लोटतात, परंतु तिचे नाव शिधापत्रिकेवर नसते; आधारवरील नाव एक आणि शिधापत्रिकेवरील दुसरे असते. ग्रामपंचायतीचे अधिकारी, सहायक कृषी अधिकारी व आशाताई यांनी ग्रामसभेच्या दिवशी घरोघरची अशी तफावत टिपून घ्यावी आणि आपले सरकार सेवा केंद्रातून दुरुस्ती व आयुष्मान कार्डाची नोंदणी करवून घ्यावी. संलग्न रुग्णालयांची नावे चावडीच्या फलकावर लिहावीत आणि वेळोवेळी तपासून नवी करावीत.

पावसाळ्यापूर्वी आपण घर शाकारून घेतो. गळू लागल्यावर शिडी शोधत नाही. या सुगीत धान्याची पोती रचून झाली की एक दिवस घरातील शिधापत्रिका व आधार एकत्र काढून प्रत्येकाचे नाव जुळते काय ते पाहावे. या कामास खर्च नाही, आणि बैलजोडी दावणीला राहण्याची ती पहिली तजवीज आहे.