मॉरिशस, लेखांक ७ : सुरतेच्या वखारीतले डोडो

गेल्या आठवड्यात कबूल केल्याप्रमाणे आज उसाकडे वळायचे होते. पण बुऱ्हाणपूरच्या शनवारा भागातल्या एका वाचकांचा प्रश्न मनातून जाईना. ते विचारतात, "गिरमिटिये कोकणातून गेले, हे समजले. पण आपल्या बुऱ्हाणपूरचा मॉरिशसशी काही संबंध येतो का?" येतो, आणि गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर तिथे गेलेल्या मजुरांच्या, दोनशे वर्षे आधी येतो. ऊस एक आठवडा थांबेल.

1630 च्या नोव्हेंबरात ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर पीटर मंडी सुरतेहून आग्र्याला निघाला. नंदुरबारवरून खानदेश ओलांडत तो बुऱ्हाणपूरला पोहोचला. शहाजहान तेव्हा दख्खनच्या मोहिमेसाठी इथेच तळ देऊन होता आणि गुजरात-खानदेशात भीषण दुष्काळ पडला होता. वाटेवर पडलेल्या प्रेतांविषयी मंडीने जे लिहून ठेवले, त्यामुळे आपल्या भागाचे अभ्यासक त्याला ओळखतात. मला तो जवळचा वाटतो तो आणखी एका नोंदीमुळे. सुरतेच्या वखारीत त्याने मॉरिशसहून आणलेले दोन डोडो पाहिले होते. हंसाच्या दुप्पट आकाराचा, उडता न येणारा आणि पोहताही न येणारा पक्षी, असे तो वर्णन करतो. पुढे 1638 मध्ये चीनहून परतताना त्याचे जहाज खुद्द मॉरिशसला लागले. तिथे मात्र त्याला एकही डोडो दिसला नाही. ज्या माणसाने बुऱ्हाणपूरचा दुष्काळ पाहिला, त्यानेच सुरतेत डोडो पाहिला. तापीच्या खोऱ्याचा या बेटाशी जुळणारा याहून जुना धागा मला तरी माहीत नाही.

डोडो भारतात आल्याचा दुसरा पुरावा चित्राचा आहे. जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरच्या हातचे मानले जाणारे, 1625 च्या सुमाराचे एक चित्र आज सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. मधोमध तपकिरी डोडो उभा आहे आणि भोवती इतर पक्षी आहेत. त्याची बाकदार चोच आणि इवलेसे पंख नीट पाहून काढलेले दिसतात. युरोपातल्या कित्येक चित्रकारांनी डोडो पेंढा भरलेला किंवा दुसऱ्याच्या चित्रात पाहून रंगवला. त्यामुळे जिवंत डोडोच्या सर्वांत विश्वासार्ह चित्रांत अभ्यासक या मुघल चित्राची गणना करतात.

आता हा पक्षी गेला कसा, ते पाहू. डच लोक 1598 मध्ये बेटावर उतरले. जावाकडे जाणाऱ्या जहाजांना गोडे पाणी, ताजे मांस आणि लाकूड हवे असे. पुढे तिथल्या काळ्याभोर आबनुसाची तोडही सुरू झाली. बेटाची पहिली अर्थव्यवस्था ती हीच. वटवाघळे सोडली तर तिथे मूळचा एकही सस्तन प्राणी नव्हता. डोडोला शत्रू ठाऊक नव्हता; तो जमिनीवर घरटे करी आणि बहुधा एकच अंडे घाली. जहाजांतून उंदीर, डुकरे आणि माकडे आली आणि त्यांनी ती अंडी फस्त केली. जंगलही तुटत गेले. 1662 नंतर डोडो दिसल्याची भरवशाची नोंद नाही. म्हणजे अवघ्या 64 वर्षांत सगळे संपले. शिकारीवर सगळा दोष टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही; उंदीर-डुकरांनी केलेले नुकसान त्याहून मोठे होते.

डोडोच्या जनुकांची तपासणी झाली तेव्हा तो कबुतराच्या कुळातला ठरला. आज हयात असलेला त्याचा सर्वांत जवळचा नातलग म्हणजे निकोबारी कबूतर, आणि ते आपल्याच निकोबार बेटांवर आढळते. त्या बेटांच्या किनाऱ्यावरची जंगले राखणे आपल्या हातात आहे. डोडोची हळहळ वाटणाऱ्या प्रत्येकाने आधी त्या जंगलांचा आग्रह धरावा.

डचांनी 1639 मध्ये जावाहून आणखी दोन गोष्टी आणल्या : हरणे आणि ऊस. दोन्ही बेटावर आजही आहेत. पुढच्या आठवड्यात उसापासून सुरुवात करू.