झाशीखालचा खडक थंड का?

झाशीचा किल्ला बंगरा टेकडीवर उभा आहे. ओरछाचे राजे बीरसिंह देव यांनी १६१३ साली तो बांधला, १७४२ नंतर मराठ्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी त्यात भर घातली आणि पुढे नेवाळकरांनी तिथून कारभार केला. किल्ल्याचं वय चारशे वर्षं, तर ज्या ग्रॅनाइटवर तो उभा आहे त्याचं वय सुमारे २५० कोटी वर्षं. झाशीच्या जमिनीतून वीज मिळेल का, या प्रश्नाचं उत्तर त्या ग्रॅनाइटच्या वयात आहे.

प्रश्न आत्ताच पडायला कारण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने भूऔष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या नोंदीत देशभरातले ३८१ गरम पाण्याचे झरे आहेत आणि देशाची एकूण क्षमता १०,००० मेगावॉटच्या आसपास सांगितली जाते. असा आकडा छापून आला की प्रत्येक जिल्ह्याला आपला वाटा दिसू लागतो. पण पोटातली उष्णता पृथ्वीने सगळीकडे सारखी वाटलेली नाही. लडाखच्या वाट्याला ती भरपूर आली, रत्नागिरीच्या वाट्याला बऱ्यापैकी, झाशीच्या वाट्याला अगदी थोडी.

जमिनीखालून वर येणारी उष्णता दोन ठिकाणची. काही पृथ्वीच्या जन्मापासून आत साठलेली, तर काही युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सारातून रोज नव्याने तयार होणारी. बुंदेलखंडाच्या ग्रॅनाइटमध्ये ही किरणोत्सारी मूलद्रव्यं कमी नाहीत. कमी आहे ती खालून, प्रावरणातून येणारी उष्णता. इतक्या जुन्या भूखंडाखालचा थर जाड आणि निवलेला असतो, तो घोंगडीसारखा मध्ये येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बुंदेलखंडातल्या विंधनविहिरींमध्ये तापमापक सोडून हे मोजलं. उत्तर आलं दर चौरस मीटरला साधारण ३२ ते ४१ मिलिवॉट. जगातल्या खंडांची सरासरी ६५ च्या आसपास आहे आणि लडाखच्या पुगा खोऱ्यात हाच आकडा पाचशेच्या वर जातो.

मिलिवॉटवरून काही डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून हिशेब पुढे नेऊ. ४० मिलिवॉट उष्णता ग्रॅनाइटमधून वर येत असेल, तर खोलीसोबत तापमान किलोमीटरमागे तेरा-चौदा अंशांनी वाढतं. जमिनीजवळ २७ अंश धरले तर १०० अंश गाठायला साडेपाच किलोमीटर खाली जावं लागेल. वीजनिर्मितीला सोयीचे १५० अंश हवे असतील तर नऊ किलोमीटर. तेही सलग, घट्ट ग्रॅनाइटमधून, जिथे पाणी खेळवायला भेगासुद्धा आपणच पाडायच्या. आजच्या तंत्राने हे करणं म्हणजे पैसा जमिनीत पुरणं आहे.

आता त्याच जमिनीच्या वरच्या बाजूला पाहा. एक चौरस किलोमीटर जागेतून खालून मिळते सुमारे ४० किलोवॉट उष्णता. तेवढ्याच जागेवर पडणारं ऊन रात्र आणि ढग धरूनही सरासरी २०० मेगावॉटच्या घरात जातं. म्हणजे पाच हजार पट. झाशी जिल्ह्यातल्या गरौठ्याला ६०० मेगावॉटच्या सौर उद्यानाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली, ती या अर्थाने योग्य जागी झाली.

मग झाशीच्या खडकात गरम पाणी कधीच नव्हतं का? होतं, आणि त्याच्या खुणा आजही उघड्यावर आहेत. बुंदेलखंडातून प्रवास करताना सपाट माळावर अचानक उठलेल्या, ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे सरळ रेषेत गेलेल्या पांढुरक्या टेकड्यांच्या रांगा दिसतात. काही रांगा कित्येक किलोमीटर लांब आहेत. जवळ जाऊन पाहिलं तर तो ग्रॅनाइट नाही; गारेचा, म्हणजे क्वार्ट्‌झचा दगड आहे. हातात घेतला की कडा धारदार लागतात, आत दुधी पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात, मधेमधे टोकदार स्फटिकांनी भरलेल्या पोकळ्या. प्रत्येक पट्टी म्हणजे भेगेतून गरम पाणी चढून गेल्याची एक खेप. सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी इथलं कवच तडकलं, खोलवरचं तापलेलं पाणी त्या तड्यांमधून वर आलं, येताना थंड झालं आणि त्यात विरघळलेली सिलिका भेगेतच बसली. आजूबाजूचा ग्रॅनाइट झिजत गेला, गार झिजली नाही, म्हणून ती रांग होऊन वर राहिली. पुढे माणसांनी या रांगांचा आयता आडोसा घेऊन बुंदेलखंडात तलाव बांधले. कोरड्या मुलखाला पाणी धरून देणारी ही भिंत मुळात एका विझलेल्या भूऔष्णिक व्यवस्थेची नळी आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

हीच सिलिका जिवंत झऱ्यांमध्ये तापमापकाचं काम करते. क्वार्ट्‌झ थंड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम सहा ते दहा मिलिग्रॅम, १५० अंशांना मात्र सव्वाशेच्या आसपास. शिवाय पाणी थोडं निवलं तरी विरघळलेली सिलिका लगेच बाहेर पडत नाही, तिला वेळ लागतो. त्यामुळे वर आलेल्या पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत सिलिका मोजली, की ते पाणी खाली किती तापलं होतं याचा अंदाज बांधता येतो. वाटेत थंड भूजल मिसळलं असेल तर अंदाज चुकतो, म्हणून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचं प्रमाणही ताडून पाहतात. विहीर न खणता खालचं तापमान सांगणारी ही पद्धत स्वस्त आहे, आणि भारतात ती मुबलक वापरली गेली आहे.

तिचा सगळ्यात रोचक उपयोग कोकणात झाला. झाशीचे नेवाळकर मूळचे जिथले, त्या रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातलं उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातली तुरळ, राजवाडी आणि आरवली, राजापूरजवळचं उन्हाळे असे झरे एका ओळीत लागतात. उत्तरेला ही ओळ महाडजवळचं साव, पालीजवळचं उन्हेरे, वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी करत पालघर जिल्ह्यातल्या कोकणेरपर्यंत जाते. साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात अठरा ठिकाणं, साठेक झरे. सगळ्यांत तापलेलं पाणी उन्हवऱ्याला, ७० अंशांच्या आसपास.

कोकणातल्या गरम पाण्याचा संबंध ज्वालामुखीशी जोडण्याची सवय आपल्याकडे आहे. सह्याद्रीचा लाव्हा वाहिला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. तो केव्हाच निवला. झऱ्यांना तापवणारी यंत्रणा साधी आहे. सह्याद्रीवर पडलेला पाऊस किनाऱ्याला समांतर गेलेल्या जुन्या भेगांमधून किलोमीटर-दोन किलोमीटर किंवा त्याहून खोल उतरतो, तिथल्या खडकाने तापतो आणि दुसऱ्या भेगेने वर येतो. भारताचा पश्चिम किनारा सेशेल्सच्या तुकड्यापासून फाटून वेगळा झाला तेव्हाच्या या भेगा. झऱ्यांच्या पाण्यातल्या सिलिकेवरून आणि इतर क्षारांवरून खालचं तापमान शंभर अंशांच्या वर असावं असं दिसतं. मुंबईच्या आयआयटीतले भूशास्त्रज्ञ दोर्नादुला चंद्रशेखरम यांनी अनेक वर्षं या पट्ट्यावर संशोधन करून त्याच्या विजेच्या शक्यतेकडे लक्ष वेधलं.

वीज होईल का, हे मात्र नुसत्या तापमानावर ठरत नाही. अलास्कातल्या चेना इथे २००६ पासून अवघ्या ७४ अंशांच्या पाण्यावर वीज तयार होते. हे गरम पाणी टर्बाइनमध्ये जात नाही. कमी तापमानाला उकळणाऱ्या दुसऱ्या द्रवाला ते उकळवतं आणि त्याची वाफ टर्बाइन फिरवते. उन्हवऱ्याचं पाणी जवळजवळ तेवढंच गरम आहे, मग इथे का नाही? कारण वाफ पुन्हा द्रव करायला थंडावा लागतो. चेनाला शेजारच्या प्रवाहाचं चार अंशांचं पाणी मिळतं. कोकणात असं पाणी बहुतेक वर्षभर २८ अंशांच्या आसपास असतं. उष्मागतिकीच्या नियमाने चेनाला मिळू शकणारी कमाल कार्यक्षमता २० टक्के, उन्हवऱ्याला १२. प्रत्यक्ष यंत्र त्याच्या निम्म्यावरच समाधान मानतं. म्हणून कोकणात वरच्या झऱ्यावर विसंबून चालणार नाही, खालचं शंभर-सव्वाशे अंशांचं पाणी विहीर खणून थेट घ्यावं लागेल. ते तिथे आहे का, किती आहे आणि किती वर्षं पुरेल, हे सिलिका सांगू शकत नाही. ते खणूनच कळतं.

इथेच आपली गाडी पन्नास वर्षं अडली आहे. गरम झऱ्यांसाठी सरकारने नेमलेल्या हॉट स्प्रिंग कमिटीचा अहवाल १९६८ चा. सत्तरच्या दशकात पुग्यात ३४ विंधनविहिरी घेतल्या, सगळ्यांत खोल ३८५ मीटर, आणि १७ विहिरींतून वाफ-पाणी उसळलं. हिमाचलात मणिकर्णला १९९२ मध्ये पाच किलोवॉटचा प्रायोगिक संच बसला. तो पुढे दरड कोसळून गेला. तेलंगणात मणुगुरूजवळ कोळशासाठी घेतलेल्या विहिरीत गरम पाणी लागलं, त्यावर सिंगरेनी कोलिअरीजने २० किलोवॉटचा संच उभा केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये ओएनजीसीने पुग्यातल्या एक मेगावॉटच्या पहिल्या टप्प्यासाठी लडाख प्रशासनाशी करार केला. ऑगस्ट २०२२ मध्ये खोदाईच्या वेळी विहिरीतलं पाणी पुगा नाल्यात गेलं आणि चौदा हजार फुटांवरच्या त्या नाजूक पाणथळीची काळजी रास्तपणे पुढे आली. असं पाणी परत जमिनीत सोडणं हा प्रकल्पाचा भाग असायला हवा, वरचा खर्च नव्हे.

इटलीत लार्देरेल्लोला १९०४ मध्ये जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे लागले होते. तेव्हापासून तंत्राला सव्वाशे वर्षं होत आली, तरी जगाची एकूण क्षमता १६ हजार मेगावॉटच्या जवळपास आहे. अडचण तंत्राची कमी, पहिल्या विहिरीची जास्त. कोट्यवधी रुपये घालून खणायचं आणि खाली काय लागेल याची हमी नाही. खासगी कंपनी ही जोखीम घेत नाही, घेईल अशी अपेक्षाही धरू नये. केनियाने २००८ मध्ये जिओथर्मल डेव्हलपमेंट कंपनी ही सरकारी कंपनी काढली. खोदाई ती करते, वाफ लागली की वीज कंपन्यांना विकते. केनियाची जवळपास निम्मी वीज आज जमिनीखालून येते. मला वाटतं आपल्या धोरणाचं यशापयश याच एका गोष्टीवर ठरेल: पहिली खोल विहीर सरकार स्वतःच्या पैशाने खणणार का?

खणता येत नाही असंही नाही. भूकंपांच्या अभ्यासासाठी सातारा जिल्ह्यात कोयनेजवळच्या गोठणे इथे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल विहीर झाली. सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडून ती खालच्या ग्रॅनाइटमध्ये गेली. तिथला भूभाग आणि कोकण यांच्यामध्ये फक्त सह्याद्रीची धार आहे. तशी एखादी विहीर तुरळ किंवा उन्हवऱ्याला झाली तर अर्धशतकाचे अंदाज एका मोसमात तपासले जातील. आणि वीज नाही झाली तरी शंभर अंशांचं पाणी आंबा, काजू, मासळी वाळवायला पावसाळ्यात कामी येईल, जेव्हा कोकणात ऊन नसतं.

झाशीला याचा काय उपयोग? संध्याकाळच्या विजेसाठी आहे. सौर उद्यान सूर्य मावळला की थांबतं, आणि नेमके तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे, कूलर एकदम लागतात. आज ती वेळ कोळसा निभावून नेतो. बेतव्याकाठचं पारीछा औष्णिक केंद्र झाशी जिल्ह्यातच आहे. भूऔष्णिक केंद्र रात्रंदिवस चालतं, वर्षातले ऐंशी टक्क्यांहून जास्त तास. २०२३ मध्ये केंद्राने लडाखमधल्या पांगपासून हरियाणातल्या कैथलपर्यंत वीजवाहिनी मंजूर केली ती सौर आणि पवन विजेसाठी. पुग्याची वीज मोठ्या प्रमाणावर झालीच, तर उत्तरेच्या जाळ्यात उतरायला तिला अशीच वाट लागेल.

पण झाशीच्या स्वतःच्या जमिनीतही एक गोष्ट आहे, ती उष्णतेची नसून थंडाव्याची. मे महिन्यात इथली हवा ४५ अंशांवर जाते. दहा मीटर खाली मात्र बारा महिने २६-२७ अंश असतात. एसी खोलीतली उष्णता बाहेरच्या तापलेल्या हवेत ढकलतो आणि हवा जितकी गरम तितकी वीज जास्त खातो. तीच उष्णता विंधनविहिरीतल्या बंद नळीवाटे खडकात सोडली, तर तापमानाची चढण निम्म्याहून कमी होते. पाणीही खर्च होत नाही, आणि बुंदेलखंडात ही लहान बाब नव्हे. नव्या धोरणाने अशा भूजन्य हीट पंपांनाही आपल्या कक्षेत घेतलं आहे. ग्रॅनाइट खणणं महाग आहे, पण तो उष्णता मातीपेक्षा चांगली वाहून नेतो, म्हणून नळीची लांबी कमी लागते.

खरी शंका वेगळी आहे. चार-पाच महिने सतत उष्णता सोडल्यावर विहिरीभोवतीचा खडक वर्षागणिक तापत गेला, तर दहा वर्षांनी यंत्राचा फायदा उरणार नाही. झाशीचा हिवाळा बऱ्यापैकी कडक असतो. त्या महिन्यांत हेच यंत्र उलटं चालवून खोल्या गरम केल्या तर खडक काही प्रमाणात निवेल. किती, ते ग्रॅनाइटच्या प्रत्येक जागेवर वेगळं असेल. बुंदेलखंड विद्यापीठाच्या आवारात किंवा एखाद्या सरकारी रुग्णालयात अशी एक इमारत उभी करून, विहिरीत निरनिराळ्या खोलीवर तापमापक सोडून पाच उन्हाळे आणि पाच हिवाळे नोंदी ठेवल्या, तर बुंदेलखंडाच्या ग्रॅनाइटवरच्या उष्ण शहरांना वापरता येतील असे आकडे हाती येतील. यासाठी लागणारा पैसा एका खोल विहिरीच्या खर्चापुढे किरकोळ आहे, आणि शंभर-दीडशे मीटर ग्रॅनाइट खणणाऱ्या बोअरवेलच्या गाड्या बुंदेलखंडात रोज फिरत असतात.