आहेर नको, अल्बम हवा!

‘कृपया आहेर आणू नये. आपली उपस्थिती हाच आहेर.’ लग्नपत्रिकेच्या तळाशी ही ओळ छापायची आपल्याकडे पद्धत. (तरी पाकिटं येतातच, ते सोडा!) ब्रुकलिनच्या एका जोडप्याने मात्र लग्नात वेगळाच फंडा काढला. डिनर सेट नको, मिक्सर नको. द्यायचंच असेल, तर आमच्या बँडच्या रेकॉर्डिंगसाठी पैसे द्या!

नवरदेव इयन डेव्हेनी, गायक आणि गीतकार. नवरी एडन नोएल, सिंथेसायझरवर. बँडचं नाव ‘नेशन ऑफ लँग्वेज’. पाहुण्यांच्या त्या आहेरातून ज्या बँडच्या रेकॉर्डिंगला हातभार लागला, त्याचे आज चार अल्बम बाजारात आहेत.

दुसरी इनिंग

प्रत्येकाच्या ग्रुपमध्ये एक असतोच. कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये स्टेज गाजवलेला. मग कॅम्पस प्लेसमेंट, मग होम लोन. गिटार माळ्यावर, आणि चावी कुणाकडे तेही आठवत नाही.

इयनचंही तसंच होऊ शकलं असतं. न्यू जर्सीतल्या ‘द स्टॅटिक जॅक्स’ या रॉक बँडचा तो गायक. 2011 मध्ये त्यांचा ‘इफ यू आर यंग’ हा अल्बम आला. पुढे तो बँड थांबला. ‘झालं आपलं, आता सेटल होऊ या’ म्हणायची हीच ती वेळ.

अशात एकदा वडिलांच्या गाडीत एक जुनं गाणं कानावर पडलं. ओएमडी या ब्रिटिश बँडचं 1979 चं ‘इलेक्ट्रिसिटी’, लहानपणापासून ओळखीचं. घरी येऊन तो कीबोर्डशी खेळत बसला. त्यातूनच 2016 मध्ये नवा बँड उभा राहिला.

गंमत बघा, ओएमडीची सुरुवातही अशीच काटकसरीची. त्यांचा पहिला सिंथेसायझर एका मेंबरच्या आईच्या मेल-ऑर्डर कॅटलॉगमधून घेतलेला, तोही हप्त्यांवर! म्हणजे ईएमआयवर स्वप्नं बघणारे आपणच पहिले नाही.

पोस्ट-पंक म्हणजे काय रे भाऊ?

फार टेक्निकल होत नाही. 1970 च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये पंकचा आरडाओरडा ओसरू लागला, तेव्हा काही पोरांनी त्याची ऊर्जा ठेवली आणि आवाज बदलला. गिटार मागे गेली, बास पुढे आला. मँचेस्टरचा ‘जॉय डिव्हिजन’ हे त्यातलं मोठं नाव. 1980 मध्ये त्यांचा गायक इयन कर्टिस गेला. उरलेल्यांनी ‘न्यू ऑर्डर’ काढला आणि 1983 मध्ये ‘ब्लू मंडे’ने त्याच उदासीला डान्स फ्लोअरवर नेलं.

ड्रीम पॉप हे त्याच घरातलं मवाळ भावंड. आवाजावर भरपूर रिव्हर्ब, सूर एकमेकांत मिसळलेले, शब्द धुक्यातून आल्यासारखे. स्कॉटलंडचा ‘कॉक्टो ट्विन्स’ ऐका, म्हणजे लगेच कळेल.

‘नेशन ऑफ लँग्वेज’ या दोन्ही घरांत राहतो. बँडमध्ये ड्रमर नाही. ठेका मशीनचा. त्यावर बास नुसता साथ करत नाही, कित्येकदा चालच तो सांगतो. सिंथेसायझरवर छोटे छोटे सुरांचे तुकडे गोल गोल फिरत राहतात. आणि या सगळ्या घड्याळी शिस्तीवर इयनचा भरदार, जरासा कातर आवाज. मशीन अजिबात चुकत नाही, माणूस मात्र कुठल्याही क्षणी कोसळेल असं वाटतं. सगळी मजा या ताणात आहे.

स्टेजवरही तेच. तो नाचतो, पण फिल्मी हिरोसारखा नाही. हात-पाय झटके देत, स्वतःत हरवून. शेजारी एडन. बँडमध्ये यायचं म्हणून ती सिंथेसायझर शिकली. आयती कलाकार म्हणून आलेली नाही, हे विशेष.

आणि आला लॉकडाऊन

तर, आहेराचे पैसे लागले, एकेक सिंगल सुटत गेलं, वर्षं गेली. अखेर पहिला अल्बम ‘इंट्रोडक्शन, प्रेझेन्स’ तयार झाला. तारीख? मे 2020!

तेव्हा आपण काय करत होतो आठवतंय? डालगोना कॉफी फेटत होतो. न्यूयॉर्कचे क्लब बंद, टूर बंद. नव्या बँडची कमाई आणि ओळख दोन्ही स्टेजवरच होते, आणि इथे स्टेजच गायब. मागे मोठी कंपनी नाही, अल्बम स्वतःच काढलेला. असा मुहूर्त एखाद्या ज्योतिषाने सांगितला असता, तर आपण त्याला फिरून विचारलं नसतं.

पण झालं उलटंच. घरात अडकलेल्या लोकांनी तो अल्बम हेडफोनवर ऐकला, मित्रांना पाठवला. एकटेपणाची गाणी, पण पाय हलवणारी. नेमकं तेच हवं होतं.

नोव्हेंबर 2021 मध्ये ‘अ वे फॉरवर्ड’ आला. त्यात 1970 च्या दशकातल्या जर्मन प्रयोगांचा तो न थांबणारा, हायवेवर गाडी लागल्यासारखा ठेका आहे. याच काळात बासवरचा मायकेल सू-पॉय बाहेर पडला आणि अ‍ॅलेक्स मॅके आला. 2023 च्या ‘स्ट्रेंज डिसायपल’ला लंडनच्या ‘रफ ट्रेड’ या रेकॉर्ड शॉपने वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हटलं. आणि सप्टेंबर 2025 मध्ये चौथा, ‘डान्स कॉल्ड मेमरी’. यावेळी लेबल सिएटलचं ‘सब पॉप’. निर्वाणाचा पहिला अल्बम काढणारं आणि ड्रीम पॉपवाल्या ‘बीच हाऊस’लाही जपणारं. या अल्बमवर गिटार जास्त, धुकं जास्त, मशीनमधलं माणूसपण जास्त.

हे आपण का ऐकायचं?

माझी आणि यांची ओळख हिंजवडीच्या बसमध्ये झाली. सोमवार, पाऊस, ट्रॅफिक जाम, वर संध्याकाळचं प्रेझेंटेशन. कानात ‘अक्रॉस दॅट फाइन लाइन’ सुरू होतं. ठेका हळूहळू चढत गेला, बस मात्र जागची हलेना. तरी चार मिनिटं वाटलं, की मी कुठेतरी वेगात निघालोय.

रोज तोच लॉगिन, तीच लिफ्ट, तोच पंच. मशीनचा ठेका आपल्याही वाट्याला आलेलाच आहे. त्यावर आपला आवाज काढायचा की नाही, एवढाच प्रश्न. इयनने तो दुसऱ्या प्रयत्नात काढला. बायको, मित्र, नातेवाईक सगळ्यांना सोबत घेऊन, आणि हो, पैसे मागायला न लाजता!

इथून सुरुवात करा

बसमध्ये: ‘अक्रॉस दॅट फाइन लाइन’
पावसात, खिडकीशी: ‘सप्टेंबर अगेन’
रात्री, लाइट बंद करून: ‘वीक इन युअर लाइट’
नव्याची चव घ्यायला: ‘इनेप्ट अपोलो’

आणि पुढच्या सीझनला त्या गिटारवाल्या मित्राचं लग्न ठरलं, तर सातवा लेमन सेट नेऊ नका. त्याला आधी विचारा, “काय रे, एक गाणं रेकॉर्ड करायला किती लागतात?” पाकिटात तेवढे घाला. वर एक रुपयाचं नाणं मात्र विसरू नका.