आत्मभान आणि आत्मविश्वास

स्वतःचे विचार, भावना, क्षमता, उणिवा आणि समाजातील आपले स्थान यांची माणसाला असलेली डोळस जाणीव म्हणजे आत्मभान होय. या जाणिवेच्या आधारे 'हे काम मला जमेल' असा जो भरवसा मनात निर्माण होतो, त्यास आत्मविश्वास म्हणतात. मराठीत आत्मभान या शब्दाची आत्मज्ञान वा आत्मबोध या शब्दांशी सहज गल्लत होते. ज्ञानेश्वरी 1290 साली आजच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे सांगितली गेली. तिच्यातील आत्मबोध 'मी'च्या पलीकडे नेणारा आहे. मानसशास्त्रातील आत्मभान मात्र याच व्यवहारातल्या 'मी'ची नीट ओळख करून घेण्यापुरते मर्यादित आहे.

संकल्पनेचा विकास

अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 साली स्वतःविषयीचा आदर हा मिळालेले यश आणि बाळगलेली अपेक्षा यांच्या प्रमाणावर अवलंबून असतो, असे मांडले. अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 साली आत्मक्षमतेची कल्पना पुढे आणली. त्यांच्या मते हा भरवसा चार मार्गांनी येतो: स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कोणाला तरी ते करताना पाहणे, इतरांनी दिलेले प्रोत्साहन, आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांत पहिला मार्ग सर्वांत बळकट होय. वर्गात फळ्यावर गणित सोडवून जागेवर परतणारे मूल ज्याने पाहिले आहे, त्यास हे वेगळे सांगावे लागत नाही.

केवळ स्तुतीने आत्मविश्वास वाढवावा, हा विचार पुढे विशेषतः अमेरिकेत फार लोकप्रिय झाला. रॉय बाउमायस्टर व सहकाऱ्यांनी 2003 साली घेतलेल्या आढाव्यात मात्र, स्वतःविषयी चांगले वाटल्यामुळे अभ्यासातील वा कामातील यश वाढते याला फारसा आधार आढळला नाही. बव्हंशी आधी यश येते आणि चांगले वाटणे त्यामागून येते. व्यक्तिमत्त्व विकासाच्या नावाने चालणाऱ्या अनेक व्याख्यानांत हा क्रम उलटा सांगितला जातो.

नाव आणि ओळख

ज्यांना समाजाने स्वतःकडे पाहण्याची संधीच दिली नाही, त्यांच्या बाबतीत आत्मभानाचा प्रश्न अधिक तीव्र होतो. अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार यांच्या 'बलुतं' (1978) या आत्मकथनाची रचनाच दगडू मारुती पवार आणि दया पवार यांच्यातील संवादाची आहे. जातीने व गावाने दिलेला 'मी' आणि शिक्षणाने घडलेला 'मी' हे दोघे एकाच माणसात समोरासमोर बसतात.

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अवर्षणग्रस्त जामखेड तालुक्यात हाच प्रश्न आरोग्यसेवेच्या निमित्ताने पुढे आला. राहुरी येथे जन्मलेले डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात राहण्यास नाखूष असत, आणि गावकऱ्यांनाही त्या परक्या वाटत. म्हणून गावांनी आपल्यातीलच एक स्त्री निवडावी असे ठरले. निवडल्या गेलेल्या बहुतेक स्त्रिया निरक्षर होत्या. कित्येक दलित, कित्येक नवऱ्याने टाकलेल्या.

पहिली अडचण वैद्यकाची नव्हती. नाव विचारले की यांतील अनेक जणी गावाचे आणि जातीचे नाव सांगत. त्यामुळे शिक्षणाचा आरंभ आरशासमोर उभे राहून स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारण्यापासून करावा लागला. ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. परंतु जिला आपले नाव सांगण्याचा धीर नाही, ती बाळंतिणीच्या सासूला 'या बाळाला आधी चीक पाजा' असे कोणत्या बळावर सांगणार? तिचे शब्द ऐकले न गेल्यास मूल दगावण्याची शक्यता होती. 1971 साली या भागात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी 176 बालके वर्षाच्या आत मरण पावत.

या स्त्रिया आठवड्यातून एकदा जामखेडला मुक्कामी येत. निरनिराळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत आणि एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपत. गावाकडे परतल्यावर मुलांचे वजन करणे, हगवणीत मीठ-साखरेचे पाणी देणे, बाळंतपण करणे, कुष्ठरोग व क्षयाचे रुग्ण ओळखणे ही कामे त्या करीत. पुढच्या आठवड्यात काय जमले आणि काय फसले हे परस्परांना सांगत. बांडुरांचे चारही मार्ग येथे सापडतात, मात्र या स्त्रिया पहिल्यांदा जामखेडला आल्या तेव्हा त्यांचा सिद्धांत प्रसिद्धही झालेला नव्हता. बालमृत्यूचे प्रमाण दोन-अडीच दशकांत तीसच्या खाली आले. अर्थात पाणी, शेती, आहार यांतील कामाचाही त्यात वाटा आहे. आरोळे दांपत्यास 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मर्यादांची जाणीव

आत्मभान नसलेला आत्मविश्वास धोकादायक ठरतो. डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांनी 1999 साली दाखवून दिले की, एखाद्या विषयात कच्ची असलेली माणसे स्वतःचे मूल्यमापन प्रत्यक्षाहून बरेच अधिक करतात, कारण चूक ओळखण्यासाठीही तेच ज्ञान लागते. आपल्याला न दिसणारे परंतु इतरांना दिसणारे असे काही प्रत्येकात असते, हे जोसेफ लुफ्ट व हॅरिंग्टन इंगहॅम यांच्या 'जोहारी खिडकी'ने (1955) मांडले. म्हणून एकांतातील आत्मपरीक्षण पुरे पडत नाही. स्पष्ट बोलणारा सोबती लागतो.

जामखेडच्या कार्यकर्तीला कोणते बाळंतपण घरी करता येईल हे जसे शिकविले जाई, तसेच कोणते आपल्या आवाक्याबाहेरचे आहे हेही. अवघडलेल्या बाईस वेळेत रुग्णालयात पाठविणे हा तिच्या कौशल्याचाच भाग मानला जाई.

यांपैकी मुक्ताबाई पोळ या 1988 साली वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातील झुंबरांची उपमा त्यांनी डॉक्टरांना दिली: देखणी, पण महाग आणि हाताला न लागणारी. स्वतःला त्यांनी साधा दिवा म्हटले, ज्यावर दुसरा दिवा लावता येतो. आता देशोदेशीचे विद्यार्थी जामखेडला शिकण्यासाठी येतात. त्यांना शिकविणाऱ्यांत या कार्यकर्त्याही असतात.